घर क्रमांक सदतीस

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय भिंगरी,

सहा वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा तू पाठवलेलं पत्र माझ्या वहीत अजून आहे, उत्तर न दिलेलं. सुरुवातीला वाटलं, मन थाऱ्यावर आलं की पंधरा दिवसांनी लिहू. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले आणि मग उशिराचीच लाज वाटायला लागली. उशीर वाढला की पत्रही तितकंच मोठं आणि चांगलं असायला हवं असं वाटतं, तसं ते जमत नाही, म्हणून आणखी उशीर होतो. तू म्हणशील, हिची खोड जात नाही, माफी मागतानाही कारणं जोडते. खरं आहे. तेव्हा एवढंच लिहिते की चुकलं माझं. उत्तर द्यायला हवं होतं.

आज रजा टाकली आहे. घरात कोणी नाही. नवरा त्याच्या औषधांच्या दुकानात, लेक कॉलेजात. लेक माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली आहे आणि तिला माझं सगळंच जुनाट वाटतं, चपलांसकट. नवरा होता तसाच आहे. बिस्किटाचा पुडा घ्यायचा तर चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचतो, दुकानदाराला दोन प्रश्न विचारतो आणि अठरा वर्षं घेत आलाय तोच पुडा घेतो. मी एकदा विचारलं, मग वाचतोस कशाला? तर म्हणाला, न वाचता घेतला तर ती सवय, वाचून घेतला तर तो निर्णय. मी हसले, आणि घरी येऊन ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं. आपल्या धंद्यातल्या कोणत्याही तज्ज्ञाने इतकं नेमकं लिहिलेलं नाही. तुझ्यासकट.

मी अजून त्याच पाहणी कार्यालयात आहे. तू गेलीस तेव्हा दोन खोल्या होत्या आणि कुलूप न लागणारं एक कपाट होतं. आता तीन मजले झालेत, कपाट मात्र तेच आहे. मी पर्यवेक्षक झाले, म्हणजे स्वतः घरोघर जात नाही, घरोघर जाणाऱ्या मुलींना कसं जायचं ते शिकवते. साहेबांना सगळे पाठीमागे 'गोषवारा' म्हणतात, कारण पाच ओळींपेक्षा मोठा कागद समोर आला की ते तो उलटा करून ठेवतात आणि म्हणतात, याचा गोषवारा द्या. माणूस वाईट नाही. बाबांच्या आजारपणात ते स्वतः दवाखान्यात येऊन दोन तास बाकावर बसले होते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला ते दुष्ट वाटतील. ते तसे असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

यंदा त्या पाहणीची दुसरी फेरी निघाली. आपलीच ती, माणसं निवड कशी करतात याची. तेच चार भाग आहेत: घरात कोणती भाषा बोलता, वस्तू कशा निवडता, कशावर श्रद्धा ठेवता, काय वाचता. प्रत्येक प्रश्नाखाली चार चौकोन आणि पाचवा 'सांगता येत नाही'. चोवीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या वस्त्यांमध्ये, त्याच घरांत पुन्हा जायचं, म्हणजे माणसं किती बदलली ते कळेल. यादीत रंगवस्ती होती. यादी वाचताना माझं बोट तिथे थांबलं आणि मी ते उचलून पुढच्या ओळीवर ठेवलं. इतकं सोपं असतं ते. चोवीस वर्षं मी तेच करत आले.

वस्ती आठवते ना तुला? कापड रंगवायच्या कारखान्यामागे सहा ओळी, ओळीत दहा घरं. मधून नाला, आणि त्या दिवशी कारखान्यात जो रंग चढत असेल त्या रंगाचं त्याचं पाणी. पहिल्या दिवशी पूल ओलांडताना तू म्हणालीस, आज निळवार आहे. कारखाना आता बंद पडलाय. माणसं तीच आहेत, आणि त्यांची मुलं-नातवंडं. त्यांचे आजे-पणजे नदीपलीकडून कामाला आले तेव्हा जी बोली बरोबर घेऊन आले ती अजून त्यांच्या तोंडात आहे. शाळा-कचेरीतली आपली भाषा त्यांना येते, पण बाहेर जाताना अंगावर चढवायच्या कपड्यांसारखी. घरी आलं की काढून खुंटीला.

गेल्या वर्षी वस्तीने अर्ज केला, की पोरांना शाळेत पहिली दोन वर्षं घरच्या बोलीत शिकवावं आणि त्यासाठी वस्तीतलीच एक शिकलेली बाई शिक्षिका म्हणून घ्यावी. निम्मी पोरं पहिलीत वर्षभर तोंड मिटून बसतात आणि दुसरीत यायची बंद होतात, असं अर्जात लिहिलंय. त्यावर एक समिती बसली आहे. तिचा निर्णय येत्या शुक्रवारी. समितीने आमच्या कार्यालयाला विचारलं, तुमच्या पाहण्यांमध्ये काय दिसतं?

दिसतं ते असं. यंदा आमच्या मुलींनी साठही घरं केली. त्रेपन्न घरांनी घरची भाषा म्हणून बोली सांगितली. चोवीस वर्षांपूर्वीच्या कागदांवर बारा घरं आहेत, आणि ती बाराही पहिल्या दोन ओळींतली. पुढच्या चार ओळींत एकही नाही. गोषवारा साहेबांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि सरळ निष्कर्ष काढला: माणसं बोली सोडतात हे ऐकलंय, सोडलेली बोली पुन्हा धरतात हे ऐकलेलं नाही, तेव्हा आधी मागणी सुचली आणि मग भाषा. लोक खोटं सांगताहेत. मुलींना पुन्हा पाठवा, नीट समजावून विचारायला सांगा आणि फॉर्म दुरुस्त करून घ्या. पहिल्या दोन ओळींतच बारा घरं कशी, असा प्रश्न त्यांना पडला नाही. चोवीस वर्षांत कोणालाच पडला नाही.

त्यांचा जुन्या कागदांवर इतका विश्वास का, तेही सांगते. आमच्या हस्तपुस्तिकेत सोळाव्या पानावर एक भरलेला नमुना फॉर्म छापलाय. घर क्रमांक सदतीस, रंगवस्ती. फॉर्म देखणा आहे, कुठे खाडाखोड नाही, कुठे 'सांगता येत नाही' नाही. पन्नाशीची विधवा, शिवणकाम करते. स्वस्त मिळेल ते घेते. सासरची श्रद्धा पाळते. वाचत नाही. घरात आपली मोठी भाषा बोलते, आणि शेऱ्याच्या जागी 'मुलांच्या भल्यासाठी'. मुली तिला 'सदतीसबाई' म्हणतात. एखादीने फॉर्म खराब भरला की बाकीच्या चिडवतात, जा, सदतीसबाईंची शिकवणी लाव. मी आजवर तीनएकशे मुलींना सदतीसबाई शिकवली असेल. फळ्यावर चौकोन काढून, खडूने खुणा करून.

मागच्या बुधवारी मी सदतीस नंबरच्या घरी गेले. फेरतपासणीची घरं चिठ्ठ्या टाकून काढायची असा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. चिठ्ठीत सदतीस निघालं नव्हतं. मी ते मुद्दाम घेतलं. का घेतलं, असं मी वहीत स्वतःला विचारलं. 'खरं काय ते कळावं म्हणून' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खोडून लिहिलं, 'कोणाला काही आठवत नाही ना, याची खात्री करायला.' दुसरं उत्तर जास्त खरं आहे.

दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. सगळी वस्ती त्यांना निळाक्का म्हणते. तीस वर्षं निळ्या रंगाच्या टाकीवर काढली आहेत. टाकी सुटून सात वर्षं झाली तरी नखांच्या कडा आणि तळव्यांच्या रेघा अजून निळ्या आहेत. त्या घरात चाळीस वर्षं राहताहेत. विधवा नाहीत. आजोबा आतल्या खोलीत दुपारचे आडवे झाले होते आणि बायकोच्या प्रत्येक उत्तराला आतून दुरुस्ती सुचवत होते. शिवणकामाचं म्हणशील तर सुईत दोरा ओवायला त्यांना शेजारीण लागते.

मी पहिला प्रश्न विचारला, घरात कोणती भाषा बोलता? त्या म्हणाल्या, तुम्ही या भाषेत विचारताय म्हणजे उत्तर याच भाषेत येणार. घरात काय बोलतो ते हवं असेल तर जरा गप्प बसा. मी गप्प बसले. आतून आजोबांनी काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी सुनावलं, आजोबा खोकत खोकत हसले. मला त्यातलं 'चहा' एवढंच कळलं. म्हणाल्या, झालं, घ्या लिहून.

साबण, तेल, चहा कसं निवडता, या प्रश्नाला त्यांनी एकाही मालाचं नाव घेतलं नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना 'काय गं' म्हणतो आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीला 'काय देऊ मॅडम' म्हणतो. पुलापलीकडचा दुकानदार त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो, अडलं तरी थांबतो. म्हणून त्या पुलापलीकडे जातात, दुखरे गुडघे घेऊन, आणि तो देईल तो साबण आणतात. माझ्या फॉर्मवर चौकोन होते किंमत, जाहिरात, सवय आणि इतरांचा सल्ला. मी पेन धरून बसून राहिले. त्यांनी वाकून पाहिलं, यात माझा नाही का म्हणाल्या, आणि मला सांगितलं की नवा काढा, कागद तुमचा, पेन तुमचं, अडलंय कुठे.

श्रद्धेचं विचारताना मी आवाज खाली आणते, ती सवय आहे. त्यांनी आणला नाही. धाकटा मुलगा तापात गेला तेव्हा त्यांनी प्रार्थनेला जाणं सोडलं ते अकरा वर्षं. मग एक दिवस पुन्हा जायला लागल्या. मी विचारलं, काही अनुभव आला का? म्हणाल्या, अनुभव कसला. वस्तीत जिथे जाऊन बसावं तिथे लोक विचारतात, काय काम काढलंत, आणि तिथे कोणी विचारत नाही. देव आहे की नाही याचा विचार अजून चालू आहे, घाई नाही. आतून आजोबांनी सांगितलं, माझा विचार कधीच संपला, नाहीये, पण दर आठवड्याला हिला हात धरून तिथवर सोडतो ते मीच.

आणि वाचन. निळाक्का पन्नाशीत अक्षर शिकल्या, नातवाच्या पुस्तकावरून. आता वाचनालयातून पुस्तकं आणतात. शेवटचं पान आधी वाचतात. लेखकाने उगाच कोणाला मारलं असेल तर पुस्तक तिथल्या तिथे परत. दुपारी शेजारच्या चारपाच जणी निवडायची भाजी घेऊन येतात आणि निळाक्का त्यांना वाचून दाखवतात. मी त्या दिवशी तासभर बसून ऐकलं. पुस्तक आपल्या भाषेतलं, आणि तोंडातून येते ती त्यांची बोली. कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही. डोळा एका भाषेतून चाललाय आणि जीभ दुसरीतून, आणि ऐकणाऱ्या बायकांना पत्ताही नाही की मध्ये एक पूल ओलांडला जातोय. मी विचारलं, वाचनाची भाषा कोणती लिहू? त्यांनी मलाच विचारलं, डोळ्यांची लिहायची का तोंडाची?

मी निघाले. चपला घातल्या. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं, की फार वर्षांपूर्वीही अशी एक पाहणी झाली होती, तेव्हा तुमच्याकडे आलं असेल ना कोणी?

"नाही. पहिल्या दोन ओळींत दोन पोरी फिरल्या. आमच्या ओळीत कोणी आलं नाही."

मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, विसरला असाल.

"विसरेन कशी? येणार म्हणून पाळी बदलून घेतली होती मी, तीन दुपारी घरात बसून होते. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. आम्हाला तोवर कधी कोणी काही विचारलंच नव्हतं." आणि म्हणाल्या, "एक पोर सारखी हसायची. दुसरी सारखी लिहायची."

माझ्याकडे बघून म्हणाल्या ते. ओळखलं नाही मला.

त्या तीन दुपारी आपण कुठे होतो हे तुला सांगायला नको. पण मला लिहायला हवं, कारण मी ते कुठेही लिहिलेलं नाही. रोज वही लिहिणारी मी, आणि त्या आठवड्यात माझ्या वहीत एवढंच आहे: 'उरलेली घरं गच्चीवर केली.' वसतिगृहाची गच्ची, वाळत घातलेल्या चादरींची सावली आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. पहिल्या वीस घरांनी आपले आठ दिवस खाल्ले होते, कारण प्रत्येक जण दीड-दीड तास बोलत होता आणि आपल्या चौकोनांत बसत नव्हता. मुदत चार दिवसांवर आली होती, तुझी पुढच्या शिक्षणाची मुलाखत त्याच आठवड्यात होती. मग तू माणसं तयार करायला लागलीस. पाय पसरून, डोळे मिटून, एकेक. अडतीसमध्ये दारुडा रंगारी, एकोणचाळीसमध्ये त्याला कंटाळलेली बहीण. पोट धरून हसलो आपण. सदतीसबाई तुझीच. आणि मी काय केलं? मी उत्तरं एकमेकांशी ताडून बघितली. ही वाचत नाही म्हणतेस, मग वर्तमानपत्राच्या चौकोनात खूण कशी, असं विचारून मी तुझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. मी काटेकोर, हे सगळ्यांना माहीत आहे. खोटं तू रचलंस, भिंगरी, पण ते खरं वाटेल असं मी केलं. खाडाखोड नव्हती ती माझ्यामुळे.

गेला आठवडाभर मी याच्याभोवती फिरते आहे आणि मला त्या खोट्यापेक्षा दुसरंच काही सलतं. चाळीस घरं आपल्या मनाने भरायची होती. आपण कोणालाही काहीही करू शकलो असतो, फुकटात. तरी आपण एकीलाही लांबच्या दुकानात पाठवलं नाही. एकालाही देवाचा विचार करत अकरा वर्षं घालवू दिली नाहीत. चाळीसच्या चाळीस माणसांना आपण स्वस्त ते घ्यायला लावलं, घरच्यांनी सांगितलं ते मानायला लावलं, त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि तोंडात आपली भाषा घातली. त्यात कट नव्हता. आपल्याला तेवढंच सुचलं. ज्याच्या घरात आपण गेलोच नाही तो माणूस काही निवडत नसणार, हे आपण न ठरवताच ठरवून टाकलं होतं. पहिल्या वीस घरांनी आपल्याला आठ दिवस उलटं सांगितलं होतं, तरीसुद्धा.

आणि मग त्या आकड्यांवर तू प्रबंध लिहिलास. 'इथे निवड होत नाही, ती वारशाने येते,' हे तुझं वाक्य आता विद्यार्थी पाठ करतात. मी तुला अभिनंदनाचं पत्र लिहिलं होतं, दोन पानी. त्यात एक ओळ जास्त लिहायची होती ती लिहिली नाही. पुढे बाबांच्या वेळच्या तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसले की प्रत्येक वेळी तीच ओळ आधी समोर यायची. माझ्या सहा वर्षांच्या उशिराचं हेही एक कारण आहे, वर लिहिलेल्या कारणांपेक्षा बरंच खरं.

सोमवारी, म्हणजे काल, मी साहेबांकडे गेले आणि मुलींना पुन्हा पाठवणार नाही असं सांगितलं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, बाई, तो नमुना तुमच्याच हातचा, आणि तुम्हालाच त्याच्याबद्दल शंका? मी म्हटलं, शंका नाही, खात्री आहे, आणि सगळं सांगितलं. वीस घरं, गच्ची, चाळीस घरं. गोषवारा न देता सांगितलं. त्यांनी समोरचा कागद उलटा केला, जरी त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नाही, असं मी धरतो." मी म्हटलं, मी सांगितलं असं धरा. मग ते काळजीने बोलायला लागले, आणि ती काळजी खरी होती. माझ्या निवृत्तीला बारा वर्षं आहेत, कार्यालयाच्या नावाचा प्रश्न आहे, त्या पाहणीवर आणखी वीसेक अहवाल उभे आहेत, एक वीट काढली तर काय काय खाली येईल. शेवटी त्यांनी समितीची फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली. तज्ज्ञांचा अभिप्राय, दीड पान. 'पूर्वीच्या विश्वसनीय पाहणीनुसार सदर वस्तीत बोलीचा घरगुती वापर अल्प असल्याचे दिसते.' खाली दोन महिन्यांपूर्वीची तारीख आणि तुझी सही. ते म्हणाले, इतक्या मोठ्या बाई चुकीचं सांगतील का?

ती सही मी चाळीस फॉर्मवर माझ्या सहीशेजारी पाहिलेली आहे. जराही बदललेली नाही.

कालपासून मी तुझी बाजू मांडते आहे, स्वतःशीच. तू विसरली असशील. एखादी गोष्ट पंचवीसदा छापून आली की आपणच तिच्यावर विश्वास ठेवायला लागतो. तुझ्यासमोर मदतनिसाने मसुदा ठेवला असेल आणि तू गडबडीत सही केली असशील, वस्तीचं नावही न वाचता. यातलं एकही कारण मी तुझ्यासाठी नाकारत नाही. मी स्वतः इतकी वर्षं फळ्यावर सदतीसबाई काढत होते, माझ्याकडे तर विसरण्याचंही निमित्त नव्हतं. पण निळाक्कांच्या ओळीतली एक पोर पहिलीत वर्षभर तोंड मिटून बसलेली आहे. तिच्यापुढे तुझं कारण आणि माझं कारण सारखंच लुळं पडतं.

मी हे कोणासाठी करते आहे, असाही प्रश्न मी स्वतःला विचारून झाला. वस्तीसाठी, की माझी झोप परत मिळावी म्हणून? उत्तर सापडलं नाही, आणि पहिल्यांदाच मी उत्तरासाठी थांबणार नाही. आयुष्यभर आधी हेतू तपासले, आणि तपासून होईपर्यंत वेळ निघून गेली. आता हेतू मागून तपासेन. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, नोकरी गेली तर माझ्या दुकानात बस, फक्त गिऱ्हाइकांना 'हीच गोळी का?' असं विचारू नकोस. मग उठताना विचारलं, इतकी वर्षं मलाही का नाही सांगितलंस? त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, ते घरात देईन. कार्यालयाने मला काढलं तर काढू दे. चौकशी बसली तर मी खुर्ची ओढून समोर बसेन. एखाद्या बाईला मी 'सांगता येत नाही'च्या चौकोनात पुन्हा ढकलणार नाही, आणि स्वतःही त्यात जाऊन बसणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी समितीला तीन पानी निवेदन लिहिलंय. रंगवस्तीच्या पहिल्या पाहणीतली एकवीस ते साठ ही चाळीस घरं कधीच पाहिली गेली नाहीत, ती उत्तरं रचलेली आहेत आणि ती रचण्यात माझा हात होता, असं त्यात आहे. तुझं नाव मी लिहिलेलं नाही, पण मूळ फॉर्म कपाटात आहेत, समिती ते मागवेल आणि प्रत्येकावर त्यांना तुझी सही सापडेल. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्या संध्याकाळी मिळेल, तोवर निवेदन पोचलेलं असेल. मुद्दाम तसंच केलंय. फोन केला असता तर तू मला पटवलं असतंस. तुला ते नेहमी जमतं आणि मला तुझं बोलणं ऐकायला नेहमी आवडतं. मी परवानगी मागत नाहीये. माफीही मागत नाहीये, ती वर मागून झाली आणि ती फक्त पत्राच्या उशिराची होती. इतरांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढा हक्क मी आपल्या मैत्रीचा मानते. तुझ्याकडे गुरुवार पूर्ण आहे. अभिप्राय मागे घ्यायचा तर एक दिवस पुरतो. निवेदनाची प्रत सोबत आहे. माझ्या सहीशेजारी तुझ्यासाठी जागा सोडलेली नाही. तुला काही म्हणायचं असेल तर तुझं तू लिही, तुझ्या हाताने, तुझ्या कागदावर. एका कागदावर आपल्या दोघींच्या सह्या पुन्हा नकोत.

तुझीच, आणि यानंतरही तुझीच,
शंकासूर

वहीत, उद्यासाठी: निवेदन समितीच्या आवक खिडकीवर देऊन शिक्क्यासह पोच घेणे.